दहा गाणी आणि तंबाखूची वखार: कामाच्या नोंदी

८ मार्च २०२५, शनिवार

शेजाऱ्याची दहा गाणी ध्वनिमुद्रित करून एलपी, म्हणजे मोठी तबकडी, काढायची, हे आज त्याच्या स्वयंपाकघरात ठरलं. नोंदी ठेवतोय, म्हणजे असं काम घरच्या घरी करायला निघालेल्याला आमच्या चुका तरी फुकट मिळतील.

मी मूळचा मिरजेचा. अकरा वर्षं झाली, नैऋत्य व्हर्जिनियात स्कॉट काउंटीत राहतो. नोकरी कारखान्यात, यंत्रांच्या देखभालीची. ध्वनिमुद्रणाचा अनुभव म्हणजे मंडळाच्या गणपतीतले दोन कार्यक्रम. शेजारी गुरं पाळतो, गवत कापतो आणि सकाळ-दुपार शाळेची बस चालवतो. वय अठ्ठावन्न. गाणी स्वतः लिहितो. एक आहे बसमधून सगळ्यात शेवटी उतरणाऱ्या पोराचं, एक बंद पडलेल्या शाळेचं, एक वडिलांच्या तंबाखूचं. असल्या गाण्यांना इथे अमेरिकाना म्हणतात. त्याला तो शब्द आवडत नाही. ‘आपली गाणी’ म्हणतो आणि पुढे जातो.

बँड असा: तो स्वतः गिटार आणि गाणं, त्याचा बावीस वर्षांचा मुलगा उभा बास (खर्जाचं उंच तंतुवाद्य), शाळेत शिकवणाऱ्या एक बाई फिडल, आणि चौऱ्याहत्तर वर्षांचे बँजोवाले आजोबा. ते खाणीत इलेक्ट्रिशियन होते. पाचवा मी, वायरी ओढायला.

पैसे: प्रत्येकी ७०० डॉलर, एकूण ३,५००. पुरतील असं वाटतंय.

१५ मार्च

खरेदी. वापरलेला रिबन माइक ३८० डॉलर, वायरी ९५, रीपर हे सॉफ्टवेअर ६०. चार एसएम५७ माइक आणि एक मोठ्या पडद्याचा कंडेन्सर माइक माझ्याकडे होते. एकूण ५३५.

संध्याकाळी ब्रिस्टॉलला गेलो होतो, वाद्यांच्या तारा आणायला. स्टेट स्ट्रीटच्या मधोमध राज्याची सीमा जाते, एक पाय व्हर्जिनियात ठेवला की दुसरा टेनेसीत पडतो. याच रस्त्यावर १९२७ च्या जुलै-ऑगस्टमध्ये तबकड्या काढणाऱ्या राल्फ पीअरने एका रिकाम्या इमारतीत यंत्रं मांडली, भिंतींना घोंगड्या लावल्या आणि बारा दिवसांत एकोणीस कलाकार-मंडळींकडून ७६ गाणी मुद्रित करून नेली. इकडच्या गाण्यांसाठी नावाजलेलं कार्टर कुटुंब तिथेच पहिल्यांदा माइकसमोर उभं राहिलं. ते आमच्याच काउंटीतले, त्यांचं मेसेस स्प्रिंग इथून जवळ आहे. बारा दिवसांत ७६, मग आपली दहा दोन शनिवार-रविवारांत उरकतील, असा हिशोब मी परतताना गाडीत केला. तो इथे मुद्दाम लिहून ठेवतो.

५ एप्रिल

चाचणी मुद्रण, शेजाऱ्याच्या दिवाणखान्यात. मी क्लिक ट्रॅक लावला: कानात घड्याळासारखी टिकटिक, सगळ्यांनी तिच्यावर वाजवायचं. म्हणजे नंतर कापाकापी सोपी जाते.

पहिलंच गाणं चौथ्या ओळीला गडगडलं. दुसऱ्यांदा तेच, अकराव्यांदाही तेच. गायक ओळ संपली की दोन मात्रा जास्त थांबतो. सगळ्या ओळींना नाही, दुसरीला आणि चौथीला. मी म्हणालो, तुझी सम चुकतेय. सम म्हणजे काय ते समजावून सांगण्यात पंधरा मिनिटं गेली. तबला शिकलेल्या माणसाला दुसऱ्याची चुकलेली सम दिसली की हात शिवशिवतात. त्याने ऐकून घेतलं आणि बाराव्यांदा तिथेच दोन मात्रा थांबला.

चार तासांत एकही वापरण्याजोगा टेक (सलग मुद्रण) नाही.

६ एप्रिल

रात्री जागून कालच्या बऱ्यातल्या टेकमधून त्या जादा मात्रा कापल्या. दुसऱ्या आणि चौथ्या ओळीतून दोन-दोन, पाचही कडव्यांतून. सगळं चौकोनी बसलं. मोठ्या खुशीत पाठवून दिलं. गायकाचं उत्तर आलं, ‘छान झालंय. कुणाचं गाणं आहे?’

१२ एप्रिल

फिडलवाल्या बाईंनी मला बाजूला घेतलं. या डोंगरात अशा चालींना ‘क्रूकेड’ म्हणतात, वाकड्या. गाणारा श्वास घेतो तेवढं माप लांबतं आणि वाजवणारे त्याच्याबरोबर थांबतात. जुन्या ध्वनिमुद्रणांत हे जागोजाग ऐकू येतं, कार्टर कुटुंबाच्याही. बाईंनी फिडलवर दोन वाकड्या चाली वाजवून दाखवल्या. त्यातली थांबायची जागा वाजवणारे मोजत नाहीत, गाणाऱ्याच्या खांद्यांकडे बघतात.

घरी येताना आजीची आठवण झाली. जात्यावरची ओवी ती साडेतीन चरणांची गायची. शेवटचा चरण अर्धा सोडून जात्याचा एक फेरा नुसताच जायचा. त्या फेऱ्याला कुणी सम चुकली म्हटलं नव्हतं.

क्लिक ट्रॅक बंद. सगळ्यांनी एकत्र आणि एकमेकांना दिसेल असंच वाजवायचं. मग चूक झाली तर अख्खा टेक परत, तुकडे जोडणं नाही. माझी सोय गेली. आठवडा आधीच गेलेला.

१७ मे, शनिवार

मधला महिना शाळेच्या परीक्षा आणि वासरांत गेला.

आज तंबाखूच्या वखारीत पहिलं सत्र. निपाणी-जयसिंगपूरकडे विडीची तंबाखू शेतातच उन्हात वाळवतात. इथल्या बर्ली तंबाखूची अख्खी झाडं काठ्यांवर ओवून वखारीत टांगत आणि वाऱ्यावर वाळवत. २००४ साली सरकारने तंबाखूचा कोटा (कुणी किती पिकवायची याची मर्यादा) मोडून शेतकऱ्यांना मोबदला देण्याचा कायदा केला. तेव्हापासून ही वखार रिकामी आहे. त्या मोबदल्याच्या धनादेशावर त्याचं एक गाणं आहे, ते त्याच वखारीत गायचं, ही कल्पना सगळ्यांना फार आवडली. मलाही.

आता व्यवहार. वारा खेळावा म्हणून वखारीच्या फळ्यांत मुद्दाम फटी ठेवलेल्या असतात. म्हणजे भिंत नाहीच. त्यातून यंदा सतरा वर्षांनी येणारे सिकाडा नावाचे किडे नेमके याच पंधरवड्यात जमिनीतून वर आलेत. दिवसभर झाडाझाडांवर एकच अखंड सूर. ते चढत गेले की माइकच्या काट्याला फिडल आणि किडा यांत फरक कळत नाही. अंधार पडला की गप्प होतात, म्हणून अंधाराची वाट बघत थांबलो. आठ वाजता पाऊस आला. छप्पर पत्र्याचं.

सामान हलवताना वापरतात तसल्या जाड गोधड्या बारा आणल्या होत्या, १८० डॉलर. भिंतींना टांगल्या. वारा आला की त्या स्वतःच फडफडतात. एकूण ७१५.

२४ मे

वखार, दुसरा प्रयत्न. आकाश निरभ्र, म्हणजे पाऊस नाही. पण निरभ्र आकाश म्हणजे गवताची पहिली कापणी, आणि गायक ट्रॅक्टरवर. रात्री नऊला आला तेव्हा आवाजात गवताची धूळ बसलेली. तीन टेक घेऊन थांबलो.

वखारीचा नाद सोडला. त्या धनादेशाच्या गाण्यापुरता एक टेक मात्र जपून ठेवलाय. त्यात पत्र्यावरचा पाऊस आहे.

३१ मे

ही माझी सगळ्यात मोठी चूक, म्हणून सविस्तर.

आजोबांच्या बँजोला कातडी पडदा आहे, वासराच्या चामड्याचा. हवा दमट झाली की कातडं सैल पडतं, तारा जिच्यावर टेकतात ती घोडी खाली बसते, तारा पट्टीच्या जवळ येतात आणि तिच्यावरच्या धातूच्या बारीक पट्ट्यांना घासून किंचित भुणभुणतात. शिवाय नाद फार लांबू नये म्हणून पडद्यामागे एक जुना मोजा कोंबलेला आहे. हेडफोनमध्ये ती भुणभुण मला टोचायला लागली. कातडं काढून प्लास्टिकचा पडदा बसवू, असा आग्रह मी धरला. आजोबा म्हणाले, तुम्ही इंजिनीयर, तुम्हाला ठाऊक. आम्ही दुकानात बसवून आणला. मोजाही काढला. ७० डॉलर.

वाद्य लखलखीत झालं. स्वर काचेसारखा, प्रत्येक तार वेगळी. आणि गाण्यात शिरलं की जत्रेतल्या घंटेसारखं सगळ्यांच्या डोक्यावर वाजायला लागलं. गायकाचा आवाज आणि बँजो आजवर एकमेकांत मुरत होते, ते फाटले. आजोबांनी दोन गाणी वाजवली, तिसऱ्याला वाद्य पेटीत ठेवून कॉफी प्यायला गेले. बोलले काहीच नाहीत.

मी मिरजेचा. शिकलगारांच्या ज्या घराण्यांनी हत्यारं सोडून तंतुवाद्यं घडवायला घेतली त्यांच्या गल्लीवरून शाळेत जायचो. गेल्याच वर्षी तिथल्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा इथे पेढे वाटलेला माणूस. तंबोऱ्याची तार घोडीला जराशी घासावी म्हणून कारागीर तासन् तास कानस मारत बसतो, तारेखाली सुताचा जीव सरकवतो, आणि त्या घासण्याला आपण जवारी म्हणतो. त्याच गावच्या माणसाने एका म्हाताऱ्याच्या बँजोची जवारी पैसे देऊन काढून टाकली.

७ जून

कातडी पडदा परत. नवं कातडं पाण्यात भिजवायचं, कड्यावर ओढून बसवायचं आणि सावलीत वाळू द्यायचं. घाईने ताणलं तर फाटतं. एका जुन्या कारागिराने बसवून दिलं, ११० डॉलर. वाद्य आठवडाभर त्याच्याकडे होतं. मोजा तोच. एकूण ८९५.

नव्या कातड्याचा आवाज अजून जुन्यासारखा नाही. आजोबा म्हणतात, वर्षभरात होईल. तबकडीवर मात्र हाच येणार.

१४ जून

जागा मिळाली: टेकडीवरचं लाकडी चर्च. महिन्यातून दोनच रविवार भरतं. देणगी ३०० डॉलर. लाकडी जमीन, उंच छत, टाळी वाजवली तर सेकंदभर गूंज राहते.

इथे एक घरघर सापडत नव्हती. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची. तिची घरघर बासच्या खालच्या बी स्वराच्या जरा खाली बसते, म्हणून बास वाजला की डोलल्यासारखी ऐकू येते. निम्मी नळीच्या दिव्यांतून येत होती, निम्मी मागच्या स्वयंपाकघरातल्या फ्रीजमधून. दिवे मालवले, फ्रीज बंद केला. पाच तास सुरेख काम झालं, चार गाणी उरकली. रात्री दीडला कुलूप लावून घरी.

१५ जून

फ्रीज बंदच राहिला. रविवारच्या जेवणाचा मांसाचा पदार्थ आणि दोन डबे आइसक्रीम गेलं. भरपाई ६० डॉलर आणि भरपूर शरम. युक्ती नंतर बाईंनी सांगितली: फ्रीज बंद केला की गाडीची किल्ली फ्रीजमध्येच ठेवायची. एकूण १,२५५.

२१ जून

मांडणी, शेवटी जमलेली: मधे मोठा कंडेन्सर एकच, सगळे त्याच्याभोवती अर्धगोलात. सोलो आला की वाजवणारा अर्धं पाऊल पुढे, संपला की मागे. आवाजाची पातळी पायांनी ठरते. बासला वेगळा एसएम५७. गायकासमोर रिबन माइक. रिबन पुढून-मागून ऐकतो आणि बाजूंना बहिरा असतो, म्हणून तो असा तिरका ठेवला की बहिरी बाजू गिटारकडे येईल. गिटार आणि आवाज वेगळे करायला एवढं पुरलं.

बासवाल्या पोराला दोनदा आणखी मागे सरकवलं. पहिली मांडणी टेपच्या पट्ट्यांनी जमिनीवर आखून ठेवली नव्हती, म्हणून गेल्या शनिवारची जागा शोधण्यात पाऊण तास गेला. आता पट्ट्या मारल्या आहेत.

चर्चमध्ये एक जुनी पायपेटी आहे. भाता पायाने मारायचा, सूर पितळी पत्त्यांचे. झाकण उघडलं आणि मला थेट संगीत नाटकाच्या पिटात बसल्यासारखं झालं. बंद शाळेच्या गाण्यात मी नुसता षड्ज-पंचम धरून बसावं असं ठरलं. पण पेटी आजच्या सुरापेक्षा चढी निघाली, अर्ध्या स्वराच्या पाचव्या हिश्शाहून थोडी जास्तच. पत्त्या घासायचा अधिकार आपल्याला नाही. मग सगळ्यांनी पेटीला सूर लावला. फिडलची वरची तार तुटली, ब्रिस्टॉलला जाऊन नवी आणेपर्यंत दोन तास. गाणं मात्र तिसऱ्या टेकला झालं.

२८ जून

दहावं गाणं पूर्ण. वखारीतला पावसाचा टेक आणि चर्चमधले तीन टेक शेजारी ठेवून ऐकले. सगळ्यांनी न बोलता पावसाकडे बोट दाखवलं.

चर्चमध्ये प्रत्यक्ष मुद्रणाचे तास एकोणीस. सुरुवातीपासून आजपर्यंत सोळा आठवडे.

५ जुलै

हा कागद मार्चमध्येच करायचा होता.

धनादेशाच्या गाण्याची सुरुवात बँजोच्या एका ओळीने होते, लोक तीच गुणगुणतात. आजोबांचा मुलगा सहज म्हणाला, मग गाणं अर्धं बाबांचं ना? गायक गप्प. त्याची बायको म्हणाली, शब्द कुणाचे? टेबलावर टरबूज कापलेलं होतं, कुणी हात लावेना.

इथे प्रत्येक गाण्यात दोन मालमत्ता असतात: रचना आणि तिचं ध्वनिमुद्रण. एकत्र केलेल्या रचनेबद्दल लेखी काही ठरलेलं नसेल तर कायदा समान वाटे धरतो, कुणी किती केलं ते बघत नाही. राल्फ पीअरने १९२७ मध्ये तबकडीच्या दर बाजूमागे ५० डॉलर रोख मोजले, पण प्रकाशनाचे हक्क आपल्या हातात ठेवले, आणि खरा पैसा तिथे होता. ही गोष्ट या काउंटीत पोराटोरांना माहीत आहे. तरीही आम्ही चार महिने कागद केला नाही, कारण पैशाचं बोलणं वाईट दिसतं. आमच्या भजनी मंडळात पेटी कुणाच्या मालकीची यावरून दोन घरं तीस वर्षं बोलत नव्हती. मला तर सुचायला हवं होतं.

तीन तासांनी ठरलं ते असं. आठ गाण्यांची रचना पूर्ण गायकाची. दोन गाण्यांत २५ टक्के आजोबांचे. ध्वनिमुद्रण पाचही जणांचं समान. एका पानावर लिहून पाच सह्या. टरबूज उरलेलं डुकरांना.

१२ जुलै

अल्बमची सुरुवात ब्रिस्टॉलच्या एका १९२७ च्या तबकडीतल्या आठ सेकंदांनी करायची, असं पोराच्या मनात होतं. चाल पारंपरिक आहे, मग काय हरकत? चाल मोकळी असली तरी मुद्रण मोकळं नाही. त्या काळातल्या ध्वनिमुद्रणांना अमेरिकेत शंभर वर्षांचं संरक्षण आहे, यंदा १९२४ ची मोकळी झाली. १९२७ ची १ जानेवारी २०२८ ला होतील. आठ सेकंद काढून टाकले. त्याजागी चर्चच्या दाराचा करकर आवाज घातलाय. तो आमचाच आहे.

१९ जुलै

मिक्स, म्हणजे मुद्रित आवाजांची पातळी जुळवणं. फार लिहिण्यासारखं नाही, बहुतेक सगळं एकाच माइकवर वाजवल्यामुळे हलवायला काही उरलंच नव्हतं. मास्टरिंग, म्हणजे प्रकाशनाआधीचा शेवटचा हात, बाहेरच्या एकाला दिलं: गाण्याला ७० प्रमाणे ७००, शिवाय एलपीसाठी वेगळी प्रत १५०. माझ्या फायली दुसऱ्या दिवशी परत आल्या. मिक्स भरदार वाटावा म्हणून मी शेवटी लिमिटर (आवाजाची शिखरं दाबून सगळं जोरात करणारं साधन) लावून ठेवला होता. त्याने लिहिलं, तू भात आधीच शिजवून पाठवलास, मी आता काय शिजवू? (शब्द त्याचे वेगळे होते, आशय हाच.) लिमिटर काढून पुन्हा पाठवलं. स्पॉटिफाय सगळ्यांनाच सरासरी −१४ एलयूएफएसच्या (जोर मोजायचं एकक) आसपास आणून ठेवतं. जोरात ओरडून फायदा नाही, उलट शिखरं चेपली जातात ती जातातच. एकूण २,१०५.

२६ जुलै

एलपीची मागणी, ३०० नग, वाहतुकीसह ३,२४०. म्हणजे ५,३४५. वर्गणीचे ३,५०० कधीच ओलांडले. उरलेले उन्हाळ्यातल्या कार्यक्रमांच्या बिदागीतून आणि थोडे माझ्या खिशातून.

२ ऑगस्ट

कारखान्याचा निरोप: पहिली बाजू २४ मिनिटं १० सेकंद, लांब आहे. बारा इंची तबकडीवर एका बाजूला वीस-बावीस मिनिटांच्या वर गेलं की खाचा जवळजवळ काढाव्या लागतात, आवाज बारीक होतो आणि पार्श्वभूमीची खरखर वर येते. शिवाय सुई आत आत जाते तसा फेरा लहान होत जातो, वरचे सूर फाटतात, गाण्यातला ‘स’ थुंकल्यासारखा येतो. मी शेवटी सगळ्यात जोरकस गाणं ठेवलं होतं. शेवट दणदणीत हवा म्हणून.

हे मागणी देण्याआधी कुणालाही विचारता आलं असतं. एक गाणं एलपीतून काढलं, ते फक्त सीडीवर आणि ऑनलाइन. जोरकस गाणं पहिल्या बाजूच्या सुरुवातीला, दोन्ही बाजूंच्या शेवटी संथ. पायपेटीचं चढ्या सुरातलं गाणं दुसऱ्या कुठल्याही गाण्यामागून आलं की बेसूर वाटायचं. ते दुसऱ्या बाजूचं पहिलं केलं. तबकडी उलटेपर्यंत कान आधीचा सूर विसरलेला असतो. क्रम बदलल्यामुळे एलपीची नवी प्रत, १०० डॉलर. एकूण ५,४४५. दोन आठवडे गेले.

कुठलं गाणं काढायचं यावर मत घेतलं. गायकाने स्वतःचं आवडतं काढलं, कारण विचारलं तर म्हणाला, तेच सगळ्यात लांब आहे.

६ सप्टेंबर

ऑनलाइन वितरणासाठी फायली चढवल्या, वर्षाचे २५ डॉलर. सीडी २०० नग ४१०. एकूण ५,८८०. तारीख १० ऑक्टोबर, शुक्रवार. नवी गाणी शुक्रवारीच बाहेर पडतात. स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं सुचवायचं तर किमान सात दिवस आधी, म्हणून महिनाभर हातात ठेवला.

रचनेच्या पैशासाठी गायक बीएमआय या रचनाकारांच्या संस्थेत होताच. त्याशिवाय एमएलसी आणि साउंडएक्स्चेंज या पैसे गोळा करून वाटणाऱ्या संस्थांत नावं घातली. एमएलसीत नाव नसेल तर स्ट्रीमिंगमधला रचनाकाराचा एक हिस्सा तिथे तसाच पडून राहतो, कुणी शोधत येत नाही. साउंडएक्स्चेंज ध्वनिमुद्रणाचे पैसे ५० टक्के मालकाला, ४५ मुख्य कलाकारांना आणि ५ साथीदारांना देतं. फॉर्म भरायला एक संध्याकाळ. फुकट आहे, भरा.

१३ सप्टेंबर

चाचणीच्या एलपी आल्या, पाच. पाच घरांत पाच यंत्रांवर ऐकल्या. दुसऱ्या बाजूच्या तिसऱ्या गाण्यात पाचहींवर एकाच जागी टक् टक् टक्. एका तबकडीवर असती तर धूळ म्हटलं असतं. पाचांवर म्हणजे दोष साच्यात. परत पाठवल्या. नवा साचा कारखाना फुकट करून देणार, पण चार ते सहा आठवडे. म्हणजे प्रकाशनाच्या दिवशी हातात एलपी नाही.

माझ्या मनात आलं होतं, तीनच टक् आहेत, चालवून घेऊ. दोन मात्रांना चूक म्हणालो, भुणभुणीला चूक म्हणालो, आणि खऱ्या चुकीला चालवून घेऊ म्हणालो. आजोबांनी एका शब्दात निकाल दिला, तो छापण्यासारखा नाही.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

प्रकाशन. सकाळी सहाला पाहिलं तर दहापैकी चार गाणी ओहायोतल्या कुणा रॅप गायकाच्या पानावर. नाव एकच. चढवताना ‘हा कलाकार आधीपासून आहे का’ या प्रश्नावर मी घाईत पहिलंच नाव दाबलं होतं. दुरुस्तीला नऊ दिवस लागले. पहिल्या आठवड्याची ऐकणी त्याच्या खात्यात. त्याच्या एका चाहत्याने विचारलं होतं म्हणे, हे बँजो प्रकरण काय आहे.

संध्याकाळी कार्यक्रम, अग्निशमन दलाच्या सभागृहात. एकशे चाळीस लोक, बीन्स आणि मक्याचा ब्रेड. सीडी ७१ गेल्या, बारा डॉलरला एक. एलपीसाठी वहीत ३८ नावं लिहून घेतली. धनादेशाच्या गाण्याला दोन म्हातारे उठून बाहेर गेले आणि गाणं संपल्यावर परत आले.

१५ नोव्हेंबर

एलपी आल्या. टक् नाही.

सीडीची एक प्रत रेडिओ ब्रिस्टॉलला आणि एक जॉन्सन सिटीच्या ८९.५ ला दिली. सोबत एक पान: प्रत्येक गाण्याची लांबी, सुरुवात किती सेकंदांची, आणि एका गाण्यात शिवी आहे ती कुठे. शिवीचं लिहायचंच, नाहीतर निवेदक अख्खी तबकडी बाजूला ठेवतो.

२९ नोव्हेंबर

कॉपीराइटची नोंदणी आज. प्रकाशित अल्बमची वीसपर्यंत गाणी एका अर्जात बसतात, शुल्क ६५. पण रचना आणि ध्वनिमुद्रण वेगळे अर्ज, म्हणून १३०. प्रकाशनापासून तीन महिन्यांच्या आत केली की पुढे कोर्टात जायची वेळ आली तर भरपाईचा दावा भक्कम राहतो. एकूण खर्च ६,०१०.

जमा: सीडी ११८, १,४१६ डॉलर. एलपी ६२, पंचवीसप्रमाणे १,५५०. बँडकॅम्प या गाणी विकणाऱ्या संकेतस्थळावरून त्यांचे १५ टक्के वगळून २१०. स्ट्रीमिंग ११ डॉलर. वर्षात हजार वेळा ऐकलं गेलं नाही तर स्पॉटिफाय त्या मुद्रणाचे पैसे देतच नाही. आमची दोनच गाणी हजार ओलांडून गेली आहेत, त्यातलं एक पावसाचं. एकूण ३,१८७. तूट २,८२३.

बारा एलपी वाटल्या, चर्चला एक धरून. शिल्लक २२६, माझ्या तळघरात. उभ्या ठेवल्या आहेत, आडव्या थप्पीत खालच्या वाकतात. पहिले दोन खोके मी घर तापवणाऱ्या भट्टीच्या भिंतीला टेकवून ठेवले होते, ते शेजाऱ्याने काल येऊन हलवले. जाताना नवीन गाणं ऐकवलं. या वेळी तिसऱ्या ओळीला थांबतो, आणि किती ते मला अजून मोजता आलेलं नाही.